फादर, तुम्ही माझ्या आजीची बोली वहीत उतरवायला लावलीत

आदरणीय फादर,

सप्रेम नमस्कार.

भुसावळ सोडून तुम्ही वसईला परतलात त्याला बरीच वर्षं झाली. फोनवर बोलणं होतं, पण आभाराचं वाक्य तुम्ही पुरं करू देत नाही. 'ते राहू दे, सध्या काय वाचतोयस?' असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

माझे वडील रेल्वेच्या यार्डात खलाशी. घरात बोलणं सगळं लेवा गणबोलीत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या लेवा समाजाच्या बोलीत. शाळेत फळ्याजवळ उभं राहून उत्तर दिलं की वर्ग हसायचा आणि मास्तरही हसायचे. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. चर्चच्या आवारातल्या तुमच्या वाचनखोलीत मी यायला लागलो तो खरं तर तिथे कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून.

तुम्ही मात्र मला बोलतं केलंत. आजी घरोटावर दळताना काय म्हणते, तिफणीच्या भागांना काय नावं आहेत, लग्नात बायका कोणत्या ओव्या म्हणतात, हे विचारत राहिलात. मग एक वही दिलीत. 'आजी म्हणते तसंच लिही, शुद्ध करायला जाऊ नकोस,' एवढीच अट. तुमच्या घरी कादोडी ही वसईची बोली बोलतात आणि वसईबाहेर शिकायला गेल्यावर तुम्हालाही लोक हसले होते, हे तुम्ही फार नंतर सांगितलंत.

आमच्या गल्लीत कुजबुज झालीच. पोरगं पाद्र्याकडे जातं, बाटवतील. आईला त्याचा घोर लागला. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही स्वतः घरी आलात, ओट्यावर बसलात, भरीत आणि कळण्याची भाकरी मागून घेतलीत. आईने तोंडावर विचारलं आणि तुम्ही तिला सरळ सांगितलंत की त्याचा देव त्याच्यापाशी राहू दे, मला त्याची वही हवी आहे. इतक्या वर्षांत तुम्ही हा शब्द पाळलात. देवळात जायला उशीर होतो म्हणून मला खोलीतून उठवणारेही तुम्हीच होतात.

फादर स्टीफन्स मला तुमच्याकडून कळले. इंग्लंडचा हा जेझुइट पंथाचा धर्मगुरू 1579 साली गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षं तिथेच राहून 1619 साली गेला. मधल्या काळात तो मराठी इतकी शिकला की ख्रिस्ताची कथा त्याने जवळपास अकरा हजार ओव्यांत रचली. 1616 साली राशोलला ती छापली गेली, तीही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही, पण लोकांनी हाताने नकला केल्या म्हणून ग्रंथ उरला. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या तुम्ही आम्हाला चालीवर म्हणून दाखवायचात, तेव्हा खोलीतली लिंगायत, लेवा, बौद्ध, कॅथलिक सगळी पोरं एका सुरात ओढली जायची.

3 डिसेंबरचं तर मी कधी विसरणार नाही. त्या दिवशी संत फ्रान्सिस झेवियरचा सण आणि त्याच तारखेला, 1951 साली, आमच्या बहिणाबाई गेल्या. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की संध्याकाळी तुम्ही वाचनखोलीत बहिणाबाईंच्या कविता वाचायला लावायचात. वाचायचं मी, कारण 'हिचा उच्चार मला येत नाही, तुला येतो.' ज्या उच्चाराला वर्ग हसला होता तो ऐकायला रेल्वे कॉलनीतली माणसं खुर्च्या मांडून बसायची. मला तेव्हा काय वाटलं ते अजून नीट लिहिता येत नाही.

तुमचं प्रवचन तुम्ही शनिवारी लिहून मला वाचायला द्यायचात. आजीला समजणार नाही त्या शब्दाखाली रेघ मार, म्हणायचात. तुमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकांच्या भाषेत आली. आपल्याला मिळालेली ही मराठी जड करून परत लोकांपासून दूर न्यायची नाही, असा तुमचा हट्ट होता. मी रेघा मारायचो आणि तुम्ही खरंच शब्द बदलायचात. मी आज मराठी शिकवतो, त्यातलं निम्मं शिक्षण त्या शनिवारांचं आहे.

लोकांना तुमची वाचनखोली दिसायची. रेल्वे दवाखान्यातल्या तुमच्या फेऱ्या फारशा दिसल्या नाहीत. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांची गावाकडची पत्रं तुम्ही लिहून द्यायचात, कुणाचा जात-धर्म न विचारता, आणि रात्री कुणी गेलं तर घरच्यांसोबत पहाटेपर्यंत बसायचात.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले, तेव्हा विरोधाचे सूरही उठले होते. मी टीव्हीसमोर बसून तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही नुसतं 'आपल्या वसईचा माणूस' एवढं म्हणालात आणि गप्प झालात. 25 जुलै 2024 ला ते गेले त्या दिवशीही आपण बोललो. मराठीवर जीव लावणाऱ्या धर्मगुरूंची परंपरा मोठी आहे, पण माझ्यासाठी तिचा चेहरा तुमचाच आहे.

आजीची वही आता टाइप करून झाली आहे. शब्द, म्हणी, ओव्या, सगळं तिच्या बोलीत, तुम्ही सांगितलं होतं तसं. माझ्या वर्गातली पोरं आता आपापल्या आज्यांकडून नव्या नोंदी आणतात, त्याही शेवटी जोडल्या आहेत. प्रत उद्या पोस्टाने निघेल. या वेळी रेघा तुम्ही मारायच्या.

तुमचा,
भुसावळचा विद्यार्थी