पाणबुडी तळावर बिऱ्हाड नेणाऱ्यांची तयारी सोलापुरातच व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या जिल्ह्यातली मुलेही नौदलात जातात, त्यांपैकी काही पाणबुडी शाखेत दाखल होतात, आणि लग्नानंतर त्यांच्या बायका-मुलांना तळाच्या गावी बिऱ्हाड न्यावे लागते. माझी मुलगी अशीच विशाखापट्टणमला राहायला गेली. बदलीचा हुकूम नौदल देते, सामान हलवण्याचा भत्ताही देते. परंतु त्या गावात एकटीने संसार कसा चालवायचा, याची तयारी कोणीच करून घेत नाही. ती सोलापुरातच व्हायला हवी आणि होऊ शकते, असे माझे ठाम मत आहे.

विशाखापट्टणम हे नौदलाच्या पूर्व विभागाचे (ईस्टर्न नेव्हल कमांड) मुख्यालय आहे. ‘आयएनएस वीरबाहू’ हा पाणबुडी तळ तेथे १९७१ पासून आहे आणि पाणबुडीवर जाणाऱ्यांचे प्रशिक्षणही तेथल्याच ‘आयएनएस सातवाहन’मध्ये होते. मुंबईतल्या तळावर नेमणूक झाली तर सोलापूरकरांना फारसे परके वाटत नाही. विशाखापट्टणमचे तसे नाही. शिवाय सरकारी निवासस्थान लगेच मिळेलच असे नसते. क्रमांक लागेपर्यंत मालकापुरम, सिंधिया, गाजुवाका अशा वस्त्यांत भाड्याचे घर शोधावे लागते, म्हणजे शेजारी, घरमालक, भाजीवाली, गॅसवाला या सगळ्यांशी व्यवहार तेलुगूतूनच करावा लागतो.

त्यातच पाणबुडीवरच्या नोकरीची एक गोष्ट इतर नोकऱ्यांहून वेगळी आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून नेहमीच्या रेडिओ लहरी जात नाहीत. अतिशय कमी कंप्रतेच्या लहरी काही मीटर खोलीपर्यंत पोहोचतात, पण त्यांवरून बोलणे शक्य नसते, आणि आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून पाणबुडी स्वतःहून होता होईल तो संदेश पाठवत नाही. त्यामुळे नवरा समुद्रात गेला की फोन नाही आणि परतण्याची तारीखही घरच्यांना ठाऊक नसते. मूल आजारी पडो, वादळाचा इशारा येवो, शाळेतून बोलावणे येवो, सगळे निर्णय तिने एकटीने घ्यायचे. (वादळाचे मी उगाच लिहीत नाही, ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘हुदहुद’ने या शहराची केलेली दैना अनेकांना आठवत असेल.)

जावई समुद्रात असताना मुलीच्या घरातले पाणी बंद झाले. वरच्या टाकीची मोटर जळाली होती, पण घरमालक तेलुगूशिवाय काही बोलत नव्हते आणि दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर सारे अडले होते. तिने मला फोन केला. मी आमच्या शेजारच्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातल्या मावशींना हाक मारली. त्यांनी मांडीवरचे सूप बाजूला ठेवले, फोन हातात घेतला आणि घरमालकांशी त्यांच्या भाषेत, ‘अन्ना’ म्हणत, शांतपणे बोलल्या. संध्याकाळपर्यंत मोटर बसली आणि दुसऱ्या दिवशी घरमालकांच्या पत्नी स्वतः चौकशीला आल्या. इतके दिवस त्या बोलत नव्हत्या, त्या केवळ भाषेच्या अडचणीमुळे.

आपल्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलणारी हजारो घरे आहेत. येथल्या बहुतेकांचे मूळ तेलंगणातले असल्यामुळे त्यांच्या बोलीत आणि किनारपट्टीच्या बोलीत फरक आहे, तिच्यात मराठीही पुष्कळ मिसळली आहे. तरीही बाजार, दवाखाना, भाडे, शाळा एवढ्यापुरती ती पूर्ण उपयोगी पडते. कोणार्क एक्सप्रेस सोलापूरहून थेट विशाखापट्टणमला जाते. त्या गाडीत बसण्यापूर्वी महिनाभर रोज तासभर तेलुगू कानावर पडली, तरी आमच्या मुलींचे निम्मे ओझे उतरेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने पूर्व भागातल्या समाजसंस्थांना सोबत घेऊन असा वर्ग सुरू करावा, आणि अडचणीच्या वेळी फोनवर दुभाष्याचे काम करायला तयार असलेल्या घरांची यादी ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याच वर्गात, शक्य असल्यास तेथे राहून आलेल्या कुटुंबांकडून, आणखी दोन-तीन गोष्टी सांगाव्यात. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात पालकांच्या गेल्या सात वर्षांतल्या बदल्या मोजल्या जातात, म्हणून प्रत्येक बदलीचा कागद जपून न्यावा. मुलांना समुद्रकिनाऱ्यावरचे ‘आयएनएस कुरसुरा’ हे पाणबुडी संग्रहालय लवकर दाखवावे. टॉर्पेडोंच्या शेजारी बसवलेले ते अरुंद बिछाने पाहिले की बाबा कोठे झोपतात, हा मुलांचा प्रश्न सुटतो.

आणि नातेवाईकांनी ‘कधी निघाले, कधी येणार’ असे विचारणे थांबवावे. माहिती फुटल्याच्या प्रकरणात काही नौसैनिकांना अटक झाल्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने तळांवर व जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकला बंदी घातली. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रेमापोटी टाकलेली तारीखही धोक्याची ठरू शकते, हे इकडच्या आजी-आजोबांना आधीच समजावून सांगितले पाहिजे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. वर्गाला जागा मिळाल्यास रोजच्या वापरातल्या तेलुगू वाक्यांची देवनागरीत लिहिलेली वही शेजारच्या मावशींच्या मदतीने तयार करून देण्याची जबाबदारी मी घेते.

आपली विश्वासू,
एक वाचक, सोलापूर