कोर्टाबाहेरच्या टायपिस्ट अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलं नाही, आणि माझं तुम्ही अफिडेव्हिटवर टाइप केलंत तेवढंच. दिवसभर तुमच्या टेबलापुढं माणसं येऊन बसतात, त्यात मी आठवणार नाही असं धरूनच लिहिते. मी खानापूरची, शिवणकाम करणारी. एप्रिलच्या शेवटी रेशन कार्डातलं नाव दुरुस्त करायला अफिडेव्हिट करून घ्यायला बेळगावला आले होते. तुम्ही पत्ता विचारलात, वय विचारलंत, मग फोन नंबर विचारलात. मी शेजारणीचा सांगितला. "तुमचा नाही काय?" एवढंच तुम्ही म्हणालात आणि मला तिथंच, सगळ्यांसमोर रडू आलं. तुम्ही मशीनवरचे हात काढलेत. "अळब्याड्री अक्का," म्हणजे रडू नका, असं कन्नडमध्ये म्हणालात आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या माणसाला थांबायला सांगून स्टूल पुढं सरकवलंत.

माझा फोन बंद पडला होता, आणि तो माझ्यासाठी काय होता ते त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 रुपये येतात. सात महिन्यांच्या पैशाला हात न लावता नोव्हेंबरात तो घेतला होता, 13,999 रुपयांना. गोव्याला, कोल्हापूरला दिलेल्या आमच्या गावच्या मुली माझ्याकडं ब्लाउज शिवून घेतात. गळ्याचं डिझाइन फोनवर पाठवतात, मापंही त्यातच. लग्नसराईच्या ऐन तोंडावर तो काळा पडला. चार्जरला लावला की कंपनीचं चिन्ह यायचं आणि परत अंधार. अकरा जणींची मापं आत अडकली होती.

बेळगावच्या सर्व्हिस सेंटरनं नऊ दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, 7,800 रुपये भरा. पाणी लागलेलंच नाही म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तुम्ही खानापूरच्या ना? तिकडं पाऊसच असतोय." हे मला फार लागलं. जांबोटी-कणकुंबीकडं आषाढात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, खरं आहे. पण फोन बंद पडला तेव्हा पाडवा होऊन पंधरा दिवस झाले होते आणि आमच्या विहिरीनं तळ गाठला होता. हे मी त्याला सांगितलं. त्यानं फोन माझ्यापुढं सरकवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "नाही म्हणाले ते लिहून दिलंय काय?" नव्हतं दिलं. "मग ते अजून नाही म्हणालेच नाहीत असं समजा. परत जावा. दुरुस्ती का करत नाही ते कागदावर लिहून, तारीख टाकून, शिक्का मारून घ्या."

खरं सांगते अण्णा, मला तेव्हा तुमचा राग आला. आमच्याकडं कर्नाटकात एस.टी.ला आता बायकांना तिकीट लागत नाही, पण दिवस तर जातोच, आणि त्या काउंटरवर परत उभं राहायचं म्हणजे पोटात गोळा यायचा. तरी गेले. तासभर बसवून ठेवलं, मॅनेजर नाही म्हणाले, प्रिंटर बंद म्हणाले. मी उठले नाही. शेवटी दिला कागद. तुम्ही टेबल आवरायला घेतलं होतंत तेवढ्यात पोचले.

फोन जमा करताना त्यांनी दिलेली जॉबशीट पिशवीतच होती, घडी करून. तुम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेत, चष्मा वर केलात आणि पहिल्या कागदावरच्या एका बारक्या चौकोनावर बोट ठेवलंत. फोनच्या आत एक पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या चौकोनात त्यांच्याच माणसानं लिहिलं होतं, पट्टी पांढरी. खाली, फोनला कुठं चेपलेलं नाही, तडा नाही. आणि दुसऱ्या कागदावर त्यांच्याच शिक्क्यासह, पाण्यानं खराब.

"मधले नऊ दिवस फोन कुणाकडं होता?" तुम्ही विचारलंत.

तो कागद मी कितीदा पिशवीतून काढून परत ठेवला होता. एकदाही वाचला नव्हता. इंग्रजी आहे, आपल्याला काय कळणार म्हणून.

नोटीस तुम्ही इंग्रजीत टाइप केलीत. मशीन थांबली तसा मी पेन मागितला, तर तुम्ही दिला नाहीत. "आधी ऐका," म्हणालात, आणि एकेक ओळ मला मराठीत सांगितलीत. घरी कन्नड बोलणारे तुम्ही, अडला तिथं शब्द शोधत होतात, पण एक ओळ सोडली नाहीत. जमा केल्याची तारीख एक दिवसानं चुकली होती, ती माझ्या लक्षात आली आणि तुम्ही पान परत टाइप केलंत. अण्णा, मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. इथं ऑफिसातून येणारा कागद कन्नड नाहीतर इंग्रजी. आजवर जिथं बोट दाखवलं तिथं मी सही करत आले. सही करायच्या आधी कुणी मला कागद समजावून सांगितला, हे त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. घरी जाताना एस.टी.त मी तीच गोष्ट आठवत होते, फोन नव्हे.

मजकूर मला अजून आठवतो. बिल नंबर, मग फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो ओळख नंबर. फोन सुरूच होत नव्हता म्हणून तो खोक्यावरून उतरवायला तुम्ही मला दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन यायला लावलंत. मग दोन्ही कागदांतला फरक. मागणी एवढीच की पंधरा दिवसांत फोन फुकट दुरुस्त करून द्या, नाहीतर पाणी गेल्याचं प्रयोगशाळेत तपासून सिद्ध करा, तेही नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू. कंपनीचं ऑफिस एवढ्या लांब, तिकडं जावं लागेल काय, असं मी विचारलं होतं. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि पाच लाखांच्या आतल्या वस्तूला फी लागत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझी मान जरा वर झाली. तीन प्रती, दुकानदाराला, सर्व्हिस सेंटरला, कंपनीला, तिन्ही स्पीड पोस्टानं. पावत्या टाचणीनं लावून दिल्यात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला पण फोन लावा, मराठीत बोलता येतं, म्हणालात. शेजारणीच्या फोनवरून लावला. बोलता आलं, तक्रारीचा नंबरही मिळाला.

बाराव्या दिवशी शेजारीण धावत आली. कंपनीतून फोन होता, हँडसेट घेऊन या म्हणून. आतला बोर्ड बदलून दिला, एक पैसा घेतला नाही. या वेळी जॉबशीट हातात येताच मी तिथंच उभी राहून प्रत्येक चौकोन बघितला. जे कळलं नाही ते त्या मुलाला विचारलं आणि त्यानं सांगितलं.

बोर्ड बदलला की आतलं सगळं जातं, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. मापं गेली, डिझाइनं गेली. दोन लग्नांची कामं तोवर दुसरीकडं गेली होती, ती काही परत आली नाहीत. अकरा जणींची मापं परत मागवली. आता आधी वहीत लिहिते, मग फोनमध्ये.

हे सांगायला मी दोनदा बेळगावला येऊन गेले. दोन्ही वेळा तुमची जागा रिकामी. शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, धारवाडला मुलीकडं आहेत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, जसं तुम्ही मला दाखवलंत.

नोटिशीचे तुम्ही 120 रुपये घेतलेत. मी पाचशेची नोट पुढं केली होती, तुम्ही मोजून सुट्टे परत दिलेत. तेव्हा आणखी पैसे देऊन तुमचा अपमान करणार नाही. पण तुमच्या टाइपरायटरचं कव्हर दोन्ही कोपऱ्यांत फाटलंय आणि आत धूळ जाते, ते मला स्टुलावर बसल्या बसल्या दिसत होतं. जाड रेक्झिनचं नवं शिवलंय, आतून सुती अस्तर लावून. झेरॉक्सवाल्यांकडं ठेवलंय. माप नजरेनंच घेतलं होतं, म्हणून शिवणीत अर्धा इंच जास्त सोडलाय. घट्ट झालं तर निरोप द्या, येऊन उसवून देते.

तुमची,
खानापूरची अक्का