एका दिवसाची नको, दर आठवड्याची सेवा हवी

संपादक महोदय,

रविवारच्या अंकात स्वयंसेवेवर आलेला लेख वाचला, विषय महत्त्वाचा घेतलात त्याबद्दल आभार, पण त्यात सगळा भर मोठ्या मोहिमा आणि एका दिवसाच्या शिबिरांवर होता ते काही पटलं नाही.

रक्तदानाचंच घ्या ना. दान केलेल्या रक्तातल्या लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ ते ७ दिवस, म्हणजे एका दिवशी शेकडो लोकांनी रांगा लावल्या आणि नंतर दोन महिने कोणी फिरकलंच नाही तर त्या मधल्या काळात केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटनी काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मोबदला न घेता नियमित रक्त देणाऱ्यांनाच सगळ्यात सुरक्षित दाते मानते.

मुलांना शिकवणं असो की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाणं असो, तिथेही हेच. वह्या वाटणं वाईट अजिबात नाही, पण ज्या मुलाला वाचायला जमत नाही त्याला दर आठवड्याला तासभर शेजारी बसणारं तेच ओळखीचं माणूस लागतं, आणि हे नोकरी करणाऱ्यालाही सहज जमण्यासारखं आहे.

५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, तेव्हा पुन्हा लेख येईलच. त्यात कुठल्या कामाला दर आठवड्याला माणसं लागतात, किती तास लागतात आणि आधी ट्रेनिंग मिळतं का, एवढं प्लीज छापा.

– एक वाचक