गच्चीवरचा आणि पंपाचा उघडा जोड आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत बदलून घ्यावा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, जळगाव.

विषय: सामाईक जागेतील वायरींचे उघडे जोड काढून सुरक्षित जोडणी करून घेण्याबाबत.

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या फ्लडलाइटची वायर टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत फरशीवरूनच ओढलेली आहे. टाकीपासून हातभर अंतरावर तिला जोड आहे. काल मेन बंद करून तो नीट पाहिला. टेपचं टोक सुटून वर आलंय, तिचा डिंक उन्हाने पातळ होऊन वायरीवर काळा ओघळ आलाय. फेज आणि न्यूट्रलचे जोड अगदी समोरासमोर आहेत, मध्ये टेपचा एकच पदर, आणि एका जागी तांबं उघडं दिसतं. याच फरशीवर आता बिबड्या, कुरडया, पापड पडतील. बायाबापड्या पहाटेपासून ओल्या हातांनी, अनवाणी तिथे वावरतील, लेकरं राखणीला बसतील. टाकी भरून वाहिली की पाणी नेमकं त्या जोडाखाली साचतं. म्हणून हे तोंडी न सांगता लेखी देतो आहे.

खाली पंपाजवळचा जोड वेगळ्या कारणाने धोक्याचा आहे. तिथे येणारी जुनी केबल अ‍ॅल्युमिनियमची, पंपाची वायर तांब्याची, आणि दोन्ही नुसता पीळ मारून बांधलेल्या. अ‍ॅल्युमिनियमवर वीज न वाहणारा थर चटकन धरतो. तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, निवलं की आखडतं, आणि रोजच्या या फुगण्या-आखडण्यात पीळ सैल होतो. ओल लागली की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो तो वेगळाच. तिथलं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालं आहे, म्हणजे जोड बऱ्याच दिवसांपासून तापतो आहे.

मागच्या बैठकीत म्हणणं आलं की एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका) आहे, काही झालं तर तो पडेल. नाना, याच समजुतीची मला जास्त काळजी वाटते. सैल जोडाने करंट वाढत नाही, म्हणून एमसीबीला काही कळतच नाही. पंप 10 अँपिअर घेत असेल आणि जोडाचा रोध पाव ओहम झाला, तर त्या एका टिचभर जागेत 25 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी मात्र सगळं आलबेल असतं. साध्या पीव्हीसी वायरीचं इन्सुलेशन 70 अंशांपर्यंतच चालतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचाच पारा 45 च्या आसपास असतो.

माणसाला शॉक लागला तरीही एमसीबीचा भरवसा नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. आपल्या सामाईक बोर्डावर तो नाही. बसवल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण वरचेवर दाबून पाहायला हवं.

आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. जोड टाळता येत असेल तर टाळायचा, हेच मुलांना आधी सांगत असे. गच्चीवर म्हणूनच अखंड तीन कोअरची (आत तीन वेगळ्या वायरी असलेली) केबल भिंतीच्या कडेने पाइपातून न्यावी, तिसरी कोअर अर्थिंगची. जिथे जोड घ्यावाच लागेल तिथे झाकणाची जंक्शन बॉक्स आणि आत स्क्रूचा कनेक्टर हवा. उघड्यावर असेल तर बॉक्स पाणी न शिरणारी. केबल बॉक्सच्या तोंडाशी ग्लँडने, म्हणजे केबल घट्ट धरणाऱ्या कड्याने, आवळावी, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. पंपाजवळ दोन धातूंसाठीच असलेला बायमेटलिक लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) वापरावा, तांबं-अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना पिळू नये.

घरोघरी कूलर निघतील, त्यांच्या वायरी लांब करायला जोड मारले जातील. सभासदांना नोटीस लावणार असाल तर त्यात एवढं जरूर लिहा. मेन बंद करा, पण त्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो पेटतो का पाहा, आणि मेन बंद केल्यावर त्यानेच वायर तपासा. बिघडलेला टेस्टर मेलेल्या आणि जिवंत वायरीत फरक दाखवत नाही. वायर सोलताना आतल्या तारा तुटू देऊ नका, तुटल्या तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सोला. दोन वायरींचे जोड मागेपुढे घ्या. पीळ घट्ट मारा आणि ओढून पाहा. टेप साबूत इन्सुलेशनवर इंचभर आधीपासून सुरू करून ताण देत, प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर येईल असे निदान दोन-तीन पदर द्या. शेवटचा वेढा मात्र न ताणता, नाहीतर टोक सुटतं. श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) लावायची तर ती पीळ मारायच्या आधी वायरीत ओवून ठेवावी लागते. एवढं करूनही हा जोड तात्पुरताच. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचीच वायर हवी. अर्थिंगची पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात बसवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती जीव घेऊ शकते.

माझी विनंती अशी की हे काम परवानाधारक वायरमनकडून आखाजीच्या आत व्हावं. आखाजीला लेकी माहेरी येतात, घरं आणि गच्ची भरलेली असते. तोवर गच्चीच्या वायरीचा सप्लाय बोर्डावरूनच तोडून ठेवावा, त्याला समितीच्या ठरावाची वाट पाहू नये. थोडे दिवस गच्चीवर अंधार राहील, चालेल. पंप दिवसा, कुणीतरी जवळ असतानाच चालवावा. दुरुस्ती निधीतून खर्च मंजूर करण्याचा विषय येत्या बैठकीत घ्यावा. अंदाजपत्रक आलं की वायरीची जाडी, आयएस 694 (पीव्हीसी वायरींचं भारतीय मानक) चा शिक्का आणि आरसीसीबीची क्षमता मी तपासून देईन, आणि काम चालू असताना वायरमनसोबत उभा राहीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सदनिकाधारक, ब विंग