सर्वात जास्त बॉल खेळणाऱ्यालाही बक्षीस द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोळा झाला आणि लगेचच्या रविवारी, २४ ऑगस्ट २०२५ ला, भारताचा टेस्ट बॅट्समन चेतेश्वर पुजाराने रिटायरमेंट जाहीर केली. आपल्याकडे त्याची म्हणावी तशी चर्चाच झाली नाही, फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय. १०३ टेस्ट, ७१९५ रन, १९ सेंच्युऱ्या, आणि शेवटची टेस्ट २०२३ ला ओव्हलवर, त्यानंतर टीममधून काढलं ते काढलंच, मैदानावरून निरोप घ्यायला पण मिळालं नाही. तरी हा रणजी खेळत राहिला, इंग्लंडला जाऊन ससेक्सकडून काउंटी खेळत राहिला.

आपलं भुसावळ रेल्वेचं गाव, भुसावळकरांना तर तो घरचाच वाटायला पाहिजे भो. वडील रेल्वेत नोकरीला, स्वतः सौराष्ट्राकडून रणजी खेळलेले, पोराला राजकोटच्या रेल्वेच्या ग्राउंडवर त्यांनीच घडवलं. २००५ ला आई कॅन्सरने गेली तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा. मग २००९ आणि २०११, दोन्ही वेळा आयपीएलमध्ये दुखापत आणि दोन्ही वेळा ऑपरेशन. त्यातून उठून २०१२ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध परत आला आणि १५९ केले.

ऑस्ट्रेलियात २०२१ ला जिंकलेली ब्रिस्बेनची टेस्ट सगळ्यांना आठवते पण ऋषभ पंतच्या ८९ साठी, आणि ते आठवायलाच पाहिजे, पण त्याच दिवशी पुजाराने २११ बॉल खेळून ५६ केले हे किती जणांच्या लक्षात आहे? कमिन्स, हेझलवूड या त्यांच्या फास्ट बॉलरचे बॉल हेल्मेटवर, बरगडीवर, बोटावर, दहाएक वेळा तरी अंगावर घेतले, बोटाला लागल्यावर वेदनेने खाली पडला, उठला आणि पुढचा बॉल खेळायला उभा राहिला. तो एका बाजूने टिकला म्हणून शेवटी मारायला विकेट हातात राहिल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडचं बघा. जळगाव, धुळे, चोपडा, शहादा, कुठेही टूर्नामेंट असो, सिक्सरला माईकवरून रोख बक्षीस पुकारतात. टेनिस बॉलच्या आठ ओव्हरला ते ठीक आहे, पण लेदर बॉलच्या मॅचमध्ये पण तेच? आमच्या भागात एक पोरगा आहे, मे महिन्याच्या उन्हात ग्राउंड तापलेलं असताना तासन्‌तास विकेट सोडत नाही, आणि बाहेरून त्याचेच टीमवाले ओरडतात, मार नाहीतर आऊट हो. अशा पोरांनी हळूहळू खेळणंच सोडलेलं मी पाहिलंय, साहेब, आणि जीव तुटतो.

माझी खान्देशातल्या सगळ्या आयोजकांना हात जोडून विनंती आहे, लेदर बॉलच्या प्रत्येक स्पर्धेत सर्वात जास्त बॉल खेळणाऱ्या बॅट्समनला एक बक्षीस ठेवा, सिक्सरच्या बक्षिसाएवढंच. आणि आपल्या पेपरात स्थानिक मॅचची बातमी येते तेव्हा रनसोबत किती बॉल खेळला तेही छापत जा. दिवाळीनंतर सीझन सुरू होईल, त्याआधी हे पत्र आलं तर आयोजकांपर्यंत वेळेत पोहोचेल.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, भुसावळ