स्टूल हरवलं नाही, मी नेलंय

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, पाडव्यापासून तुम्ही जे लाकडी स्टूल शोधून राहिले, ते हरवलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी मीच ते शेजारच्या वहिनींकडे ठेवून आले. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र. चोरून करायला नको होतं, कळतं मला. पण पोळ्याची ती संध्याकाळ पुन्हा नको, याहून जास्त मी काही लिहीत नाही.

आता दुसरी गोष्ट. पंखे, माळा आणि खिडक्यांच्या वरच्या काचा यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी मावशी येतील. त्यांचे पैसे मी देईन. बोलणं झालेलं आहे, त्यामुळे आता ‘कशाला’ म्हणू नका. आणि बुधवारपर्यंत एक खोकं घरी येईल. त्यात बहात्तर-बहात्तरची सहा पाकिटं आहेत, लेकरांना पुसायच्या ओल्या वाइप्सची. आई, तू हसशील, की आपल्या घरात आता लेकरू कोण? पण बकेट भरा, वाका, फडकं पिळा, पुन्हा वाका, यात तुझ्या गुडघ्यांचं जे होतं ते मला दिसतं. खुर्चीवर बसून, हात पोचेल तेवढंच पुसायचं, त्यासाठी ही पाकिटं. पोछा बंद कर असं मी म्हणत नाहीये. लादीवर तर वाइप वापरूच नकोस, मागे चिकट थर राहतो आणि पाय घसरतो. पुसताना खाली पडला तरी लगेच उचल, गुळगुळीत लादीवर ओला वाइप केळ्याच्या सालीसारखाच.

बिनवासाचे मागवलेत. वासाच्या वाइप्सनी म्हाताऱ्या कातडीला खाज सुटू शकते (म्हातारी म्हटलं म्हणून रागावू नको).

सगळ्यात आधी तुझा आरसा. टिकल्यांचा गोंद पाण्याने निघत नाही, म्हणून तू नखाने खरवडतेस. त्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब लाव आणि पाच मिनिटं तशीच बस. तेलाने गोंद सैल होतो. मग वाइप बोटाला गुंडाळून गोल गोल फिरव, गोंदाच्या बारीक वळ्या होऊन निघतील. शेवटी कोरड्या कागदाने काच पूस, नाहीतर तेलाचा ढग राहतो. लहानपणी तुझी टिकली मी माझ्या कपाळावर लावायचे आणि तू ती परत आरशावर ठेवायचीस. तो वरचा डावा कोपरा पुसला नाहीस तरी चालेल.

बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तर्री पोह्यांची तर्री सांडणार हे ठरलेलंच. सांडली की घासायची नाही, घासलं की तेल धाग्यात आत जातं. वरचं चमच्याने उचला, कोरडा कागद दाबून तेल टिपा. मग वाइप डागाच्या कडेकडून मध्याकडे दाबत न्या, दर वेळी नवी स्वच्छ बाजू घेऊन. मधून बाहेर गेलात तर रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो. नंतर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, पंधरा मिनिटं, आणि धुवा. हळदीचा पिवळा मात्र वाइपने जाणार नाही. साबण लागला की तो लाल होईल, घाबरू नका, हळदीचा तो स्वभावच आहे. ओला सदरा उन्हात टाका, उन्हाने हळद विटते. आपल्या उन्हाचा एवढा एक फायदा.

कूलर काढला असेलच. पुढच्या पट्ट्यांवरची धूळ वाइपने छान निघते, पण आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, ओल्या कूलरला हात लावून शॉक बसतो. पट्ट्यांवरचे पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे, त्यांना वाइप काही करत नाही. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने लावा, दहा मिनिटांनी पुसा.

स्विचबोर्डावर बोटांचे काळे डाग पडलेत. बाबा, मेन बंद करून, वाइप घट्ट पिळून पुसा, लगेच कोरडं फडकं फिरवा. दहा मिनिटं थांबून मगच मेन चालू करा. ओल बटणाच्या फटीत शिरते, पिळायचं त्यासाठीच. रिमोटचेही सेल आधी काढा.

चष्मा, टीव्हीचा पडदा आणि कानाचं मशीन यांना वाइप लावायचा नाही. पहिल्या दोघांवर लोशनचा धूसर थर बसतो, मशीनला ओल चालत नाही. देवांना तर नाहीच, पितळ चिंचेनेच घास. गॅसची शेगडी गार झाल्यावरच, कारण यात प्लास्टिकचे धागे असतात, तापल्या लोखंडाला वितळून चिकटतात. वाइपने जंतू मरतात असंही धरू नका. जेवायच्या आधी आणि संडासहून आल्यावर साबणच.

आणि संडासात टाकायचे नाहीत, एकही नाही. टॉयलेट पेपर पाण्यात विरतो, हे विरत नाहीत. वळणात अडकतात, त्यावर केस आणि तेल साचतं. लंडनच्या गटारात २०१७ साली अशाच वाइप्सचा आणि चरबीचा २५० मीटर लांब गोळा सापडला होता. आपल्या चेंबरला एवढी हौस नको. वापरलेले सुक्या कचऱ्यात, कंपोस्टच्या मडक्यात नाही.

बाबा, पाय पुसायला चालेल, पण बोटांच्या बेचक्यात ओल ठेवू नका, कोरड्या पंचाने टिपा. तुमची शुगर आहे, तिथे भेग पडली तर मला रोज फोन करायला लावाल.

पाकीट उलटं ठेवायचं, झाकण खाली. पाणी तळाशी उतरतं आणि वरचे वाइप कोरडे पडतात, म्हणून. झाकणाच्या स्टिकरवर धूळ बसली की ते चिकटत नाही, आणि आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत दोन दिवसांत पाकीट पापडासारखं होतं. एका वेळी एकच उघडा. सुकलं तरी पाकिटात पाणी ओतू नकोस आई, तू ओतशील मला माहीत आहे. त्यातलं टिकवायचं औषध पातळ होतं आणि बुरशी धरते. हवा तेवढा एकच बाहेर काढून ओला कर. बाकीचे सुके वाइप कपाटाच्या रुळातली माती काढायला झकास.

संपत आले की सांगा, पुरवून पुरवून वापरू नका. आणि बाबा, वहिनींकडे स्टूल मागायला जाऊ नका. त्या देणार नाहीत, मी सांगून ठेवलंय.

तुमची,
चिऊ