नाटकाच्या चार-पाच प्रती एकदम मिळायला हव्यात

संपादक साहेब, नमस्कार.

आमचा पुस्तकवाल्यांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. एरवी घरून कादंबरी वाचून यायचं आणि मग चर्चा, पण यावेळी नाटक घेतलं आणि तिथेच बसून मोठ्याने वाचलं, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ चं नाटक, बहुतेकांनी वाचलेलं नाहीतर बघितलेलं, त्यामुळे आता यात नवीन काय मिळणार असं वाटत होतं. पण मिळालं, म्हणून लिहितोय.

नाटकात एक हौशी नाटकमंडळी गंमत म्हणून खोटा खटला चालवते आणि त्यांच्यातल्याच बेणारेबाईंना आरोपी करते. तिसऱ्या अंकात सुखात्मे, काशीकर, पोंक्षे सगळे बाईंवर तुटून पडतात आणि बाईंना कितीतरी वेळ धड वाक्यच नाही. मनातल्या मनात वाचताना बाई तिथे बसल्यात हेच विसरायला होतं. इथे बेणारे वाचणाऱ्या ताई समोर सोफ्यावर, मांडीवर पुस्तक उघडं, वाचायला काही नाही, आणि आम्ही रोजच्या ओळखीची माणसं त्यांच्यादेखत एकामागून एक ते आरोप वाचतोय. सुखात्मे वाचणाऱ्या काकांचा आवाज एरवी खणखणीत, तो हळूहळू खाली आला, मध्येच थांबून पाणी प्यायले. मग शेवटचं स्वगत. कोर्टाने बाईंना दिलेले दहा सेकंद, आणि ते बोलणं वाचायला ताईंना कितीतरी मिनिटं लागली, कोणी चुळबूळसुद्धा केली नाही.

ज्यांना वाटतं आपल्याला अ‍ॅक्टिंग जमत नाही त्यांना सामंत द्यावा. साक्षीदार कमी पडतो म्हणून उभा केलेला गावातला साधा माणूस, हातातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देणारा! आणि रंगसूचना वाचायला एक माणूस वेगळा ठेवाच, नाहीतर सुरुवातीलाच बाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं ते कोणाच्या लक्षातच राहत नाही, आणि पुढे त्याच कडीमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही तेव्हा त्यातलं काहीच पोचत नाही.

आता अडचण. नाटकात मुख्य पात्रंच आठ आणि आमच्या वाचनालयात प्रत एकच. दोन प्रती इकडून तिकडून मागून आणल्या पण त्या वेगळ्या आवृत्त्यांच्या, पान नंबर जुळेनात, बाकीच्यांनी मोबाईलवर फोटो काढून वाचलं, तीन-तीन डोकी एका पुस्तकात. वाचनालयात विचारलं तर म्हणाले नाटकं कोणी नेत नाही म्हणून जास्त प्रती घेत नाही. अहो पण एकट्याने न्यायची वस्तूच नाहीये ती!

माझी विनंती अशी की निदान मोठ्या वाचनालयांनी निवडक दहा-बारा नाटकांच्या एकाच आवृत्तीच्या चार-पाच प्रती घ्याव्यात आणि ग्रुपला एका डिपॉझिटवर सगळ्या एकदम द्याव्यात. 'वाडा चिरेबंदी' घ्या, 'महानिर्वाण' घ्या. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो आपण, फोटोला हार घालून होतो तो बऱ्याच ठिकाणी. त्याच दिवशी वाचनालयातच खुर्च्या गोल मांडून सभासदांकडून एखादा अंक वाचून घ्या, खर्च फक्त चहाचा. आमच्या ग्रुपमधले लोक मदतीला यायला तयार आहेत.

- एक वाचक, डोंबिवली